छोट्या खाऱ्या टाकीसाठी रेफ्युजियम: पहिल्यांदा वीज घालवून बघा

चेटोचा पहिला गोळा आणला तेव्हा त्याची पिशवी आईने ओट्यावर पाहिली. "हे काय आणलंस?" "शेवाळ." "लोक टाकीतलं शेवाळ घासून काढतात आणि तू विकत आणतोस?" प्रश्न रास्त होता. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं, आता देतो.

माशांना घातलेलं खाणं कुठे जात नाही. मासे खातात, विष्ठा करतात, उरलेलं कुजतं, आणि त्याचं शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट होऊन ते पाण्यात साठतं. ते साठलं की शेवाळ येणारच. ते प्रवाळांच्या अंगावर वाढू द्यायचं, की स्टँडच्या आत एका वेगळ्या कप्प्यात मुद्दाम दिवा लावून वाढवायचं आणि दर पंधरवड्याला मूठभर उपटून फेकायचं, एवढंच आपल्या हातात असतं. त्या वेगळ्या कप्प्याला रेफ्युजियम म्हणतात. रेफ्युज म्हणजे आसरा. मासे पोहोचू शकत नाहीत अशी ती जागा असते, म्हणून कोपेपॉड आणि अँफिपॉड हे बारीक कवचधारी जीव तिथे निवांत वाढतात आणि पंपातून वर जाऊन माशांच्या तोंडी लागतात. नवखे याच पॉडच्या गोष्टीवर भाळतात. माझ्या मते छोट्या टाकीत खरं काम शेवाळाचं, पॉड हा वरचा नफा.

खाली सगळीकडे माझ्याच टाकीची मापं धरली आहेत: वरची टाकी 60 × 45 × 40 सेंमी, पाणी साधारण 100 लिटर, आणि खाली स्टँडमध्ये 60 × 30 × 35 सेंमीचा संप, म्हणजे वरच्या टाकीशी पाइपांनी जोडलेली खालची टाकी. तुमची मापं वेगळी असतील, हिशेब तोच.

पायरी 1: वीज गेल्यावर किती पाणी खाली येईल ते मोजा

दिवा कोणता, शेवाळ कोणतं, हे नंतर. आधी कागद-पेन घ्या.

पंप बंद पडला की रिटर्न पाइपचं (संपमधलं पाणी वर नेणाऱ्या पाइपचं) तोंड वरच्या टाकीच्या पाण्यात जितकं खोल बुडालेलं असेल तितकं पाणी सायफनने उलटं खाली येतं. 60 × 45 सेंमीच्या टाकीत 1 सेंमी पाणी म्हणजे 2.7 लिटर. तोंड 3 सेंमी खोल असेल तर 8 लिटर, वर पाइपांमधलं दीड-दोन लिटर. म्हणजे संपमध्ये निदान 10 लिटरची मोकळी जागा कायम हवी, आणि मी तरी दुप्पट ठेवतो.

हे मी शिकलो ते रात्री दोन वाजता. पहिल्या संपच्या वेळी रिटर्नचं तोंड "पाणी छान फिरेल" म्हणून 9 सेंमी खाली सोडलं होतं. 24 लिटर पाणी उतरलं, संपमध्ये जागा 15 लिटरची. उरलेलं खारं पाणी प्लायवूडच्या स्टँडमध्ये, तिथून फरशीवर, आणि सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू हातात पोछा घेऊन दारात. डोंबिवलीत राहून वीज जाणारच नाही असं धरून चाललो, चूक सर्वस्वी माझी.

रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक पाडतात, म्हणजे पातळी उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. जरूर पाडा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. त्या भोकात शेवाळ किंवा एखादी गोगलगाय अडकतेच. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तसंच, मिठाची खपली धरली की तो अर्धवट उघडा राहतो. संपमधली रिकामी जागा मात्र कधी अडकत नाही.

पायरी 2: संपचे कप्पे पाडा

60 सेंमी लांबीचे मी तीन भाग केले. पहिला 20 सेंमीचा: वरून येणारं पाणी यात पडतं, गाळण्याचा मोजा आणि असला तर स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) इथे. दुसरा 24 सेंमीचा, हा रेफ्युजियम. तिसरा 16 सेंमीचा, यात रिटर्न पंप. पहिल्या आडव्या काचेची उंची 22 सेंमी, दुसरीची 20. म्हणजे रेफ्युजियममध्ये 24 × 30 × 20, जवळपास साडेचौदा लिटर पाणी राहतं. वरच्या टाकीच्या 10 ते 20 टक्के असं माप शौकीन लोक धरतात, त्यात हे बसतं. जागा असेल तर मोठा करा, मोठ्या रेफ्युजियममुळे कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या काचेनंतर 3 सेंमीवर आणखी एक काच, खालून अडीच सेंमी उचलून लावा. पाणी आधीच्या काचेवरून पडून या काचेखालून जातं आणि बुडबुडे मधेच वर निघून जातात. नाहीतर वरची टाकी सोडावॉटरसारखी दिसेल. शेवाळाचे तुकडे पंपात जाऊ नयेत म्हणून 20 सेंमीच्या काचेवर जाळी हवी. ऑफिसातल्या फॉल्स सीलिंगमध्ये ट्यूबलाइटखाली असते ती चौकडीची प्लास्टिक जाळी उत्तम, दुकानदार तुकडा कापून देतो. धातूची जाळी चुकूनही नको. स्टेनलेस म्हणून विकलेली पण गंजते.

काच कापून चिकटवायला कुठलाही अ‍ॅक्वेरियमवाला तयार असतो. सिलिकॉन बुरशीरोधक नसलेलं, साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं मागा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका. बाथरूमच्या फरशीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीचं औषध असतं, ते इथे विष.

आता तिसऱ्या कप्प्याची एक खोच. संपमधून पाणी उडून जातं तेव्हा पातळी फक्त याच कप्प्यात उतरते, कारण बाकीच्या दोन्हींची पातळी काचेने बांधलेली आहे. 16 × 30 सेंमीमध्ये 1 सेंमी म्हणजे 480 मिली. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की दिवसाला दीड-दोन लिटर सहज उडतात, म्हणजे चार सेंमीपर्यंत पाणी एका दिवसात खाली. दोन दिवस विसरलात की पंप हवा ओढून घरघरायला लागतो. एक तर रोज भर घाला नाहीतर ऑटो टॉप-ऑफ (आपोआप भर घालणारं यंत्र) लावा. भर नेहमी गोड्या पाण्याची, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. हे वाक्य स्टँडच्या दारावर आतून चिकटवून ठेवलं तरी चालेल.

संपला जागाच नसेल तर? टाकीच्या मागे लटकवायचा पाच-सहा लिटरचा डबा मिळतो, तो चालतो. मागे कप्पे असलेली तयार टाकी असेल तर मधल्या कप्प्यामागचा काळा कागद ब्लेडने खरवडून काढा आणि बाहेरून दिवा लावा. काम होतं, फक्त शेवाळ हातभर ऐवजी मूठभर वाढेल.

पायरी 3: प्रवाह, आणि "हळू हवा" हा गैरसमज

रेफ्युजियममधून पाणी हळू गेलं पाहिजे, म्हणजे शेवाळाला ते "शोषायला वेळ" मिळतो, असं तुम्हाला हमखास सांगतील. पाणी एकदा जाऊन संपत नाही, तेच पाणी दिवसभर फिरून फिरून येतं, त्यामुळे एका फेरीत किती शोषलं याला अर्थ नाही. शिवाय आकडे बघा. 100 लिटरच्या टाकीला ताशी 500 लिटरचा प्रवाह पुरतो. ताशी 500 लिटर म्हणजे सेकंदाला 140 मिली. 30 × 20 सेंमीच्या कप्प्यातून जाताना ते पाणी सेकंदाला पाव सेंटिमीटरही सरकत नाही. गोगलगाय बरी! आणखी हळू करायची गरज नाही, उलट गाळ बसू नये आणि गोळा सगळीकडून उजेडात यावा म्हणून कप्प्यात एक छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) ठेवा, गोळा संथपणे गिरक्या घेताना दिसला पाहिजे.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर चढवल्यावर तो निम्म्यावर येऊ शकतो, त्या हिशेबाने पंप घ्या.

पायरी 4: नळाच्या पाण्याने रंगीत तालीम

मीठ, दगड, वाळू काहीही घालण्याआधी साधं पाणी भरा, पंप तासभर चालवा आणि मेन स्विच बंद करा. संपमध्ये पाणी कुठवर चढतं ते उभं राहून बघा. मग पुन्हा चालू करा आणि रिटर्नच्या कप्प्यावर चालू पातळीची रेघ परमनंट मार्करने मारा. "याच्या वर भर घालायची नाही" ही ती रेघ. हे पाच वेळा करा. कंटाळवाणं आहे, करा.

त्याच बैठकीत वायरी बघा. प्रत्येक वायर प्लगला पोचण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाशी गळतो, सॉकेटात जात नाही. घरात 30 मिलिअँपचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा. खारं पाणी आणि वीज एकाच कपाटात आहेत.

पायरी 5: पाणी, दगड आणि कायदा

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर रेझिनने उरलेले क्षारही काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य. घरातला पिण्याचा आरओ यासाठी कामाचा नाही, कारण चवीसाठी त्यात टीडीएस कंट्रोलरने थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, आणि मशीन ते आपल्या भल्यासाठीच करतं. डीआय रेझिनचा वेगळा डबा मागे जोडावा लागतो. मीठ लिटरला साधारण 36 ते 38 ग्रॅम, पण वजनावर विसंबू नका, रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या उपकरणावर) क्षारता हजारी 35 यायला हवी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025-1.026.

रेफ्युजियमच्या तळाशी वाळू घालावी का? जुन्या पद्धतीत 10-15 सेंमीचा जाड थर घालत, त्याच्या तळाशी प्राणवायू नसतो आणि तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडतात. तत्त्व बरोबर आहे. पण साडेचौदा लिटरच्या कप्प्यात तेवढा थर घातला की शेवाळाला जागा उरत नाही, आणि कधी चुकून ढवळला गेला तर सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. नवख्यांनी तळ उघडाच ठेवावा, वर ओंजळभर सच्छिद्र दगडाचे तुकडे. पॉडना तेवढा आसरा पुरे.

दगडांवरून एक गंभीर गोष्ट. मालवणला गेलो की किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा मोह होतो. दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. मेलेला तुकडाही घरात ठेवायचा नाही. कारखान्यात बनवलेले सिरॅमिक किंवा सिमेंटचे दगड मिळतात, दोन महिन्यांत त्यांच्यावर जिवाणू बसतात आणि फरक कळत नाही. सुरुवात झोअँथिड आणि मशरूम या दगडी सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांपासून करा, आणि परदेशातून आलेला जीव घेताना पक्कं बिल मागा. बिल द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊ नका.

पायरी 6: शेवाळ निवडा

चेटोच घ्या. पूर्ण नाव कीटोमॉर्फा. दिसायला हिरव्या नायलॉनच्या घासणीसारखं, हाताला कुरकुरीत, कुठेही मूळ धरत नाही, गोळा उचलला की सगळाच्या सगळा हातात. नारळाएवढा गोळा सुरुवातीला पुरे. कुर्ल्याच्या दुकानांत मिळालं नाही तर टाकी ठेवणाऱ्या कुणाला तरी विचारा, दर महिन्याला ते फेकूनच देत असतात.

दुकानात कॉलर्पा सुंदर दिसेल, पिसासारखी पानं, द्राक्षांसारखे घोस. मोह टाळा. कॉलर्पा एका रात्रीत सगळी बीजं पाण्यात सोडून देते, उरतो तो पांढरा सांगाडा, पाणी दुधी होतं, प्राणवायू कोसळतो आणि तुम्ही महिनाभर शोषून घेतलेलं सगळं परत टाकीत. तिची दुसरी कीर्ती अशी की 1984 साली मोनॅकोच्या समुद्रसंग्रहालयासमोर कॉलर्पा टॅक्सिफोलिया भूमध्य समुद्रात उगवलेली दिसली आणि तिथून हजारो हेक्टर समुद्रतळ तिने व्यापला. कॅलिफोर्नियाने 2001 मध्ये तिच्यावर बंदी घातली. अ‍ॅक्वेरियममध्ये वाढवलेलं रोप होतं ते. म्हणून कुठलंही शेवाळ काढलं की नाल्यात किंवा संडासात टाकायचं नाही. आमच्याकडचा नाला शेवटी उल्हासच्या खाडीलाच मिळतो. गोड्या पाण्यात रात्रभर बुडवा, मग ओल्या कचऱ्यात.

आणायची घाई मात्र नको. नवी टाकी आधी सायकल होऊ द्या, म्हणजे घाणीचं नायट्रेट करणारे जिवाणू तिच्यात बसू द्या. अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट, याला तीन ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट चाचणीत दिसायला लागलं की मगच चेटो. रिकाम्या पाण्यात टाकलेलं चेटो उपाशी राहून पांढरं पडतं.

पायरी 7: दिवा, आणि तो रात्री

24 × 30 सेंमीसाठी 12 ते 18 वॅटचा एलईडी पुरतो, पाण्यापासून 10-15 सेंमीवर. लाल-निळा ग्रो लाइट चांगला, पण 6500 केल्विनचा साधा पांढरा दिवाही चेटो वाढवतो, जांभळ्या उजेडात कपाट उघडलं की घर डान्सबारसारखं दिसतं असं घरच्यांचं मत पडलं तर तोच लावा. ऑनलाइन मिळणारे बहुतेक ग्रो लाइट चुडीवाले असतात आणि आपल्या घरातले होल्डर खाचेचे, तेव्हा अ‍ॅडॅप्टर सोबतच मागवा. दिव्याखाली पारदर्शक पत्रा हवा, शिंतोडे उडतातच.

वरच्या टाकीचा दिवा सकाळी 11 ते रात्री 8. रेफ्युजियमचा रात्री 9 ते पहाटे 5, आठ तास. कारण असं: अंधारात सगळेच श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. दिवसा 8.3 असलेला रात्री 7.9 वर येऊ शकतो. खालचं शेवाळ त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड खात राहिलं तर उतार कमी होतो. आपल्याकडे आणखी एक फायदा: दिव्याची उष्णता रात्रीच्या गारव्यात सुटते. एप्रिलमध्ये 28 अंशांच्या आत पाणी ठेवताना एकेक अंश मोलाचा असतो.

फिरत्या चकतीचा स्वस्त टायमर घेऊ नका. वीज गेली की तो जागीच थांबतो, आली की तिथूनच पुढे. महिनाभर रोज अर्धा-पाऊण तास वीज गेली की तुमची रात्र दुपारी उगवते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. आणि बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घरात असू द्या, वीज लांबली तर माशांचा जीव तोच वाचवतो.

पायरी 8: काढणी

गोळा वाढून उजेड तळापर्यंत पोचेनासा झाला की काढणी. साधारण दोन आठवड्यांनी, तिसरा हिस्सा ते निम्मा. शेवाळाने शोषलेलं नायट्रेट शेवाळातच असतं. गोळा बाहेर काढेपर्यंत ते घराबाहेर गेलेलं नाही. कपाटात गोळा सडू दिला तर सगळं परत पाण्यात.

काढलेला हिस्सा बादलीभर टाकीच्याच पाण्यात चार वेळा झटका. पाच मिनिटं थांबून टॉर्च मारा, बादलीच्या कडेला पांढरे ठिपके पळताना दिसतील आणि मधेच एखादा तांदळाच्या कणीएवढा अँफिपॉड कुशीवर तिरका पोहत जाईल. ते पाणी परत रेफ्युजियममध्ये ओता. पॉड दिसले म्हणून मँडरिन मासा मात्र आणू नका, तो दिवसभर पॉड टिपतच असतो आणि साडेचौदा लिटरचं पीक आठवड्यात संपवतो.

आकडे काय सांगतात

आठवड्यातून एकदा नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा आणि वहीत लिहा. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम, फॉस्फेट 0.03 ते 0.1, या पट्ट्यात राहिलं की हात जोडून बसा.

नायट्रेट शून्यावर आणि फॉस्फेट जागचं हलत नाही, ही नवख्यांची नेहमीची तक्रार. समुद्री शेवाळांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण सरासरी 550:30:1 असतं, अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी 1983 मध्ये मांडलेलं. वजनाच्या हिशेबात नायट्रेट 20 पीपीएम उतरेल तेव्हा फॉस्फेट जेमतेम 1 उतरतं. नायट्रेट संपलं की शेवाळ थांबतं आणि फॉस्फेट तसंच राहतं. अशा वेळी दिव्याचे तास वाढवून उपयोग नाही, माशांना थोडं जास्त खाऊ घाला किंवा फॉस्फेट शोषणारं माध्यम थोड्या प्रमाणात वापरा.

दोन्ही शून्यावर आणायची हौस सर्वांत महाग पडते. वाळूवर तपकिरी, शेंबडासारख्या तारा आणि त्यांत अडकलेले बुडबुडे दिसायला लागले तर ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्म जीव), आणि ते उपाशी पाण्यात फोफावतात. लगेच रेफ्युजियमचा दिवा आठवरून चार तासांवर आणा. पाणी पिवळसर वाटलं तर मूठभर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पिशवीत घालून पहिल्या कप्प्यात, महिन्याने बदला. चेटो फिकट पडलं आणि आकडे ठीक असतील तर लोहाची कमतरता बघा. बहुतेकदा दहा टक्के पाणी बदललं की भागतं.

गणपतीला गावी जाताना

निघायच्या आदल्या दिवशी काढणी करू नका, गोळा जाड असू द्या. ऑटो टॉप-ऑफ नसेल तर एकेक लिटरच्या बाटल्या आरओ-डीआय पाण्याने भरून त्यांवर सोमवार, मंगळवार अशी नावं लिहा. किल्ली मी खालच्या काकूंकडेच देतो. टाकीवर त्यांच्याइतकं बारीक लक्ष अख्ख्या इमारतीत कुणाचं नाही. त्यांना दोनच कामं सांगितलेली आहेत: दिवसाची बाटली तिसऱ्या कप्प्यात ओतायची आणि रेघेच्या वर पाणी दिसलं तर ओतायची नाही. खाणं घालायचं काम मुद्दाम सांगत नाही, मोठे मासे आठवडाभर सहज काढतात. गेल्या वर्षी परत आलो तेव्हा एक बाटली भरलेली उरली होती. विचारलं तर म्हणाल्या, "शुक्रवारी पाणी रेघेला टेकलं होतं, म्हणून नाही घातलं."